परसातल्या चुलीवरची तांबडी आमटी

आक्का, तुम्ही गेलात आणि दुसऱ्याच दिवसापासून भावजींनी ताट बाजूला सारायला सुरुवात केली. कसं सारायचे ते तुम्हाला मी काय सांगायचं? भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात बुडवायचा, तोंडापर्यंत न्यायचा आणि "बास" म्हणून उठायचं. फौजेतून आले होते तेव्हाही असंच करायचे. आत्याबाई ओसरीवर बसून डोळे पुसतात. सुनेसाठी रडतात की लेकासाठी, हे त्यांचं त्यांनाही सांगता यायचं नाही. मला एवढंच दिसत होतं की धडधाकट माणूस वाळत चाललाय, आणि त्याला चार घास खायला घालायची विद्या तुम्ही बरोबर घेऊन गेलात. राग येतो मला तुमचा. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

स्वामी म्हणाले, लिंगैक्य झाल्या. आपल्या रीतीनं तुम्हाला मातीत बसवलं, बेल वाहिला, विभूती लावली. मी तिकडं बघितलंच नाही. मी तुमच्या हातांकडं बघत होते. हळद आणि कांदा चिरल्याचे डाग होते बोटांवर, ते कुणी धुतले नव्हते. बरं केलं नाही धुतले ते.

मी या घरात धाकटी सून म्हणून आले तेव्हा मला धड वेणी घालता येत नव्हती. तुम्ही मला पुढ्यात घेऊन बसायचा, केस ओढून ओढून विंचरायचा आणि तुमच्या माहेरच्या, मुरूमकडच्या कानडी ढंगात बोलायचा, "अय्य, किती गं गुंता हा, जटा ठेवायच्यात काय?" भावजी तेव्हा लढाईवर होते. परंड्याच्या वाण्याचं पोरगं, पण तराजूपाशी जीव रमेना म्हणून कुर्डूवाडीला गेलं आणि तिथून इंग्रजांच्या फौजेत मोटार हाकायला लागलं. आपला मुलूख निजामाचा, कुर्डूवाडी इंग्रजांची. मधला नाका ओलांडला की माणूस दुसऱ्या दुनियेत. भावजी तर त्याहून लई पुढं गेले, समुद्रापल्याड, इटली नावाच्या मुलखात. ते परत येईतोवर तुम्ही कुंकू लावताना आरशात बघायचा नाहीत. का ते मी कधी विचारलं नाही.

परत आले तेव्हा घरात दिवाळी झाली. पुरणपोळी झाली, धपाटी झाली, आत्याबाईंनी हातानं लोणी काढलं. आणि भावजी ताट सारून उठले. एक दिवस, दोन दिवस. मग सगळ्यांनाच घोर लागला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं परमुलखातलं पाणी बाधलं. तुम्ही दाराआड उभ्या. आपल्या घरात दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायची सोय कुठं होती? आत्याबाई समोर, सासरे दुकानाच्या गादीवर, येणारंजाणारं माणूस. तुम्ही मला म्हणालात, "तुझ्या मालकाला सांग, म्हणावं भावाला इचार, काय खावंसं वाटतंय." माझ्या मालकांनी विचारलं. भावजी म्हणाले, "तिथं एका म्हातारीनं तांबडं कालवण वाढलं हुतं. आंबट हुतं, पर बोचत नव्हतं. ते मिळालं तर खाईन."

तांबडं कालवण कशाचं, तर भेदऱ्यांचं! रेल्वेवाले ज्याला टोमॅटो म्हणतात आणि भावजी पोमोदोरो म्हणायचे, ते आपलं भेदरं. आत्याबाईंनी कानांवर हात ठेवले. "मांसावाणी दिसतंय त्ये. माझ्या सैपाकघरात न्हाय शिजायचं." शिवाय पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असली की आंबट कळकतं, माणसं आजारी पडतात, हेही ऐकवलं. मग तोडगा निघाला. परसात तीन दगड मांडायचे, मातीचं गाडगं आणायचं आणि जे काय करायचं ते तिथं. पोरगं जेवत असेल तर करा बाई, पण आत आणू नका.

पहिल्या दिवसाची आठवण झाली की मला अजून हसू येतं, आणि आता हसल्यावर लगेच रडूही येतं. भावजींनी निरोप धाडला होता की तिकडं हे कालवण शेवयांसारख्या कशावर तरी घालून खातात. आता शेवया म्हटलं की आपल्याला एकच ठाऊक. तुम्ही शेवया दुधात शिजवल्या, गूळ घातला, वेलदोडा घातला, आणि वर पळीभर तांबडं ओतलं. दूध फाटलं, गाठी झाल्या, सगळं ताट हळदीकुंकू सांडल्यासारखं. भावजींनी ताटाकडं बघितलं, तुमच्याकडं बघितलं, आणि फौजेतून आल्यापासून पहिल्यांदा हसले. परसातल्या लिंबाच्या झाडावरचे कावळे उडाले इतक्या जोरात. तुम्ही पदर तोंडात कोंबून आत पळालात. मला म्हणालात, "हसले गं! न्हाय खाल्लं, पर हसले!"

तिथून तुमचं वेड सुरू झालं. आंबट मारायचं कसं, हा एकच घोर. तुमच्या डोक्यात आलं की पापड फुलवायला खार घालतात, हरभरा मऊ करायला खार घालतात, तर आंबटावर का नाही? चिमूटभर पापडखार गाडग्यात टाकला आणि अगं बाई! फस्सकन फेस वर आला, गाडग्याच्या काठावरून उतू गेला, चूल विझली. उरलं ते भावजींनी चाखलं आणि म्हणाले, "आता आंबट न्हाय. आता काहीच न्हाय ह्यात." दुसऱ्या खेपेला शेंगदाण्याचं कूट घातलंत, कारण आपल्याकडं कूट घातल्याशिवाय कशालाच कालवण म्हणत नाहीत. ते मात्र आपण दोघींनीच भाकरीशी संपवलं. चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू?

गुळावरून आपलं जुंपलं ते कायमचंच. माझं म्हणणं, आंबटाला गूळ हा उतारा, आई-आजीपासून चालत आलाय. तुम्ही ऐकेचनात. "गुळानं आंबट मरत न्हाय गं. दोघं शेजारी शेजारी बसत्यात, येकमेकाकडं पाठ करून." मी म्हणायचे, मग संसारात काय वेगळं असतं? तुम्ही पळी उगारायचा. मी तुमची नजर चुकवून खडा टाकायचे आणि तुम्ही चव घेतल्याबरोबर ओळखायचा. हे भांडण अर्धंच राहिलं, आक्का. मी अजूनही म्हणते की खडाभर गूळ लागतोच. उत्तर द्यायला तुम्ही नाही म्हणून मी जिंकले असं काही मी धरणार नाही.

पण बाकी सगळं तुमचंच खरं निघालं. पिकून लालबुंद झालेलीच भेदरी घ्यायची, पिवळट असेल ते परत. उकळत्या पाण्यात टाकून साल काढायची. मग बोटानं बिया आणि त्यांच्याभोवतीचं बुळबुळीत पाणी काढून टाकायचं, कारण निम्मं आंबट तिथंच असतं. हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, बोट चाटून चाटून कळलं. करडईच्या तेलात कांदा इतका सावकाश परतायचा की दाताखाली येऊ नये. लसूण थोडा. एक गाजर किसून, कारण भावजींना आठवलं की म्हातारीच्या पायरीवर गाजरांचा ढीग होता. मीठ कमी पडलं की आंबट वर येतं, म्हणून मीठ नीट. आणि गोवऱ्यांच्या मंद आचेवर ठेवून द्यायचं, घाई करायची नाही. मी घाई करायचे. तुम्ही म्हणायचा, "सबूर कर. त्याचं त्याला कळतंय."

एक वास मात्र सापडत नव्हता. कसला तरी पाला होता म्हणे, तुळशीसारखा पण तुळस नव्हे. एके दिवशी भावजी दर्ग्यावरून येताना थबकले, आणि हातात सब्जाची डहाळी घेऊन धावत घरी आले. ज्यांच्या दारात सब्जा लावलेला, त्या शेजारच्या खालाजान तर हसून हसून दमल्या. "ले जाओ बेटी, जितना चाहिये उतना ले जाओ." आत्याबाई कडाडल्या, "थडग्यावर वाहायचा सब्जा कालवणात घालतेस?" तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "त्यांच्या औशदासाठी हाय, आत्याबाई." औषध म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. त्या घरात तुमच्याइतकं हुशार कुणी नव्हतं.

औषधाच्या नावाखालीच तर भावजी रोज दुपारी परसात येऊन बसायला लागले. चव बघायला. त्यांच्यावाचून कालवण बरोबर झालं की नाही, हे कोण सांगणार? तेव्हा कुणाला हरकत घेता येईना. सोबत म्हणून मला बसवलेलं. मी पाठ करून सुपात ज्वारी पाखडायचे, आणि कान तुमच्याकडं. थोरल्या दिराशी बोलायची तर आपल्याकडं रीतच नाही. मी तोवर त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. पण ऐकायला कुणाची बंदी? त्यांनी तुम्हाला बर्फ कसा असतो ते सांगितलं. त्यांची मोटार चिखलात रुतली, सोबतीचा ड्रायव्हर गेला, दोन दिवस पोटात अन्न नाही, आणि अर्धं छप्पर उडालेल्या घरातल्या म्हातारीनं उन्हाळ्यात भरून ठेवलेली शेवटची बाटली त्यांच्यासाठी फोडली, हे त्यांनी चुलीकडं बघत सांगितलं. घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हातारी म्हंजी कितपत म्हातारी?"

"हाय आपल्या आईहून थोर."

"दात हुते का तिला?"

"दोन हुते."

"मग आसू द्या."

मी सूप तोंडावर धरून हसले. तुम्हाला दिसलं, आणि नंतर माझी वेणी मुद्दाम घट्ट घातलीत.

त्या पहिल्याच उन्हाळ्यात एकदा कालवण असं झालं की मी तुमच्या आधी बोट घालून चाटलं आणि बोलायचंच विसरले. आंबट होतं, पण जिभेला कुठंच बोचत नव्हतं. मी म्हटलं, आता जमलं. भावजींनी चाखलं. जरा थांबले. मग म्हणाले, "जवळ आलंय. पर जरा आंबट हाय." मला त्यांचा असा राग आला! जीभ आहे की पायताण? तुम्ही मात्र हिरमुसल्या नाहीत. "बरं, उद्या बघू," म्हणालात, आणि ते दुसऱ्या दिवशीही आले. खाल्लं मात्र पोटभर. तेवढ्यावर आत्याबाई खूश.

मग आपलं दुसरं भांडण झालं, जे तुम्ही कुणाला सांगू नको म्हणालात. कालवण तयार होतं, पहिल्यासारखंच सुरेख. मी आत तिखट आणायला गेले आणि परत येऊन बघते तर तुम्ही वाटीत चिंच कोळून त्यात ओतताय. मी ओरडले, "आक्का, याड लागलं का? सगळं नासलं की!" तुम्ही माझ्या तोंडावर हात ठेवलात. हाताला चिंच होती, मला अजून ती चव आठवते. "गप. झालं म्हणले तर उद्यापासनं हितं कशाला बसतील?" मी म्हणाले, हा लबाडपणा झाला. तुम्ही म्हणालात, "हाय तर हाय." आणि भावजी आले, चाखलं, म्हणाले, "आंबट हाय." तुम्ही किती साळसूदपणे मान हलवलीत, बाई गं!

पुढं रझाकारांचा गोंधळ माजला आणि सगळं घर नाक्यापल्याड, कुर्डूवाडीच्या एका पडवीत जाऊन राहिलं. पडवी एकच, माणसं ढीगभर. तुमचं आणि भावजींचं बोलणं पार बंद झालं. बाकीच्या बायका दागिन्यांच्या पुरचुंड्या जपत होत्या आणि तुमच्या पदराला भेदऱ्याचं बी बांधलेलं. निजामी गेली, आपण घरी आलो, लोकांनी झेंडे लावले. तुम्ही आधी परसात जाऊन तीन दगड जागेवर आहेत का ते बघितलंत, आणि मोरीच्या पाण्यावर बी टाकलंत. रोपं वाढली, फळं धरली, आणि ती पिकायच्या आत तुम्हाला ताप आला. भावजी स्वतः मोटार हाकत तुम्हाला डॉक्टरकडं घेऊन गेले. उपयोग झाला नाही. तुम्ही त्यांच्याशी वाटेत काय बोललात, बोललात का, हे मला माहीत नाही.

आता कालचं सांगते. त्यासाठीच तर तुमच्या समाधीपुढं येऊन बसलेय.

काल सकाळी आत्याबाई माझ्याजवळ आल्या. आवाज खाली उतरलेला. "तूच कर बाई त्येचं ते तांबडं. आत कर, सैपाकघरात, माझ्या चुलीवर. मी काय म्हणत न्हाय." त्यांच्या तोंडून हे ऐकून मला तिथंच रडू फुटलं. पण मी आत नाही केलं. भावजी दिवसभर परसात त्या दगडांपाशीच बसून असतात, मग आत करून काय उपयोग? मी तुमच्या रोपांची पिकलेली भेदरी तोडली. साल काढली, बिया काढल्या, गाजर किसलं, सब्जा आणला. खडाभर गूळ घातला. घातला म्हणून सांगते. चिंचेला हात लावला नाही. घाईही केली नाही. भावजी सगळा वेळ पलीकडं तोंड करून बसले होते. मी माझ्या मालकांना हाक मारली, त्यांच्या हाती ताट दिलं, आणि दाराआड उभी राहिले.

भावजींनी एक घास घेतला. दुसरा घेतला नाही. ताट खाली ठेवलं आणि म्हणाले, "तिच्या हातचं पयल्या उन्हाळ्यात असंच झालं हुतं."

माझे मालक म्हणाले, "मग खा की."

"कसं खाऊ? तवाच झालं हुतं रं. म्हातारीच्यापरीस चांगलं झालं हुतं. म्हातारीचं तर लई आंबट हुतं, भुकेपायी ग्वाड लागलं. पर म्या हिला सांगितलंच न्हाय. झालं म्हटलं आसतं तर आईनं दुसऱ्या दिशी चूल मोडली आसती. मंग हिच्याजवळ बसायचं कुठं? म्हणून रोज म्हणायचो, आंबट हाय. मागनं मागनं खरंच आंबट व्हायला लागलं. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं हिचा हात बिघडला. तरी म्या बोललो न्हाय." त्यांनी ताट आणखी लांब सारलं. "मरताना तिला वाटलं आसंल, मला काय जमलंच न्हाय. हा घास कसा गिळू, तूच सांग."

आक्का, माझ्या मालकांना कुठलं कळणार? त्यांना काय माहीत? ठाऊक होतं ते मला एकटीला. आणि मी दाराआड, पदर नाकापर्यंत, तोंडाला रीतीचं कुलूप. आत्याबाई ओसरीवरून बघत होत्या. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होतात तेही आठवलं. म्हटलं, चुलीत गेली रीत. मी दाराबाहेर आले, भावजींच्या समोर उभी राहिले आणि सरळ त्यांच्याकडं बघून बोलले.

"भावजी, आक्कांचा हात न्हाय बिघडला. कालवण झालं की त्या मागनं चिंच कोळून घालायच्या. म्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणायच्या, झालं म्हणले तर उद्यापासनं हितं कशाला बसतील."

भावजी माझ्याकडं बघतच राहिले.

"चिंच?" ते म्हणाले.

"वाटीभर."

आधी मला वाटलं ते रडतायत. खांदे हलत होते. मग कळलं, हसतायत. रडतही होते, पण हसतही होते, आणि हसता हसता परसभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नीलव्वा! आगं लबाड नीलव्वा!"

आईच्या देखत, भावाच्या देखत, भर दुपारी. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तुमचं नाव आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या उठल्या, आत गेल्या, आणि गरम भाकरी घेऊन स्वतः परसात आल्या.

भावजींनी ताट पुढं ओढलं. आक्का, ते जेवले. बोटं चाटून जेवले, आणि मग माझ्याकडं ताट धरून म्हणाले, "वाढ पोरी आणखी."

मी वाढलं.